मुलाचे ‘नको’ ऐकू येणारी संस्था: दिव्यांग मुलांसोबत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी बालसुरक्षेचे मार्गदर्शन

दिव्यांग मुलांना आधार देणाऱ्या संस्थेत नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात येते: इथले मूल दिवसभरात कितीतरी हातांतून जाते. कोणी त्याला गाडीतून उतरवून घेतो, कोणी बूट आणि कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) काढतो, कोणी भरवतो, कोणी शौचालयात नेतो, तर कोणी पाय ताणून व्यायाम करवून घेतो. यातला प्रत्येक हात मदतीचा असतो. पण मुलाला न विचारता त्याला उचलण्याची, वळवण्याची आणि कपडे बदलण्याची सवयही याच हातांना हळूहळू लागते. जे मूल रोज दहा वेळा मान फिरवून ‘नको’ म्हणते आणि दहाही वेळा त्या ‘नको’ने काहीच बदलत नाही, ते मूल अकराव्या वेळी, खरोखर धोका समोर असताना, ‘नको’ म्हणायचेच सोडून देते. नियम, अर्ज, नोंदवह्या आणि पडताळण्या आवश्यकच आहेत आणि त्यांविषयी पुढे लिहिले आहे; परंतु मुलाच्या नकाराला रोजच्या साध्या कामांत किंमत आहे की नाही, यावरूनच ती संस्था कितपत सुरक्षित आहे हे ठरते, असे या क्षेत्रात अनेक वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

हा धोका काल्पनिक नाही. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे २४ कोटी मुले दिव्यांग आहेत, म्हणजे साधारण दर दहा मुलांमागे एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक आढावा १७ अभ्यासांतील १८ हजारांहून अधिक दिव्यांग मुलांच्या माहितीवर आधारलेला होता. त्यात असे आढळले की दिव्यांग मुलांच्या वाट्याला हिंसा येण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते, लैंगिक हिंसेची शक्यता २.९ पट असते, आणि बौद्धिक अक्षमता किंवा मानसिक आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत लैंगिक हिंसेची ही शक्यता ४.६ पटींपर्यंत जाते. ते अभ्यास श्रीमंत देशांतले होते, म्हणजे जिथे सोयी आणि देखरेख तुलनेने अधिक आहे तिथले हे आकडे आहेत. याचे कारण मुलाच्या अपंगत्वात शोधू नये. परावलंबन, संवादाची साधने नसणे, मुलाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवणारी मोठी माणसे आणि ‘हे मूल कोणाला काय सांगणार’ अशी गैरकृत्य करणाऱ्याला वाटणारी खात्री, ही खरी कारणे आहेत. आणि यांतले प्रत्येक कारण माणसांच्या वागण्याने कमी करता येते.

पहिली पायरी: मुलांना भेटण्याआधी कागद वाचा आणि माणसे ओळखा

रुजू होताच संस्थेचे बालसंरक्षण धोरण मागून घ्यावे आणि सही करण्यापूर्वी ते खरोखर वाचावे. वाचताना चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. मुलाविषयी काळजी वाटली तर नेमके कोणाला सांगायचे? ती व्यक्ती रजेवर असेल तर कोणाला? तक्रार त्याच व्यक्तीविषयी असेल तर कोणाकडे जायचे? आणि संस्थेबाहेरच्या कोणत्या यंत्रणेला, म्हणजे पोलीस, बालकल्याण विभाग किंवा मुलांसाठीची मदतवाहिनी यांना, कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि किती वेळात? ही उत्तरे धोरणात सापडली नाहीत तर ती लेखी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नवीन माणसाने प्रश्न विचारले म्हणून कोणी नाराज होत असेल, तर त्या नाराजीचीही मनात नोंद ठेवावी.

कायद्याचा तपशील देशागणिक बदलतो, मात्र त्यामागचा पाया जवळपास सर्वत्र समान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १९ प्रत्येक मुलाला सर्व प्रकारच्या हिंसेपासून आणि दुर्लक्षापासून संरक्षण देते, तर कलम १२ प्रत्येक मुलाला स्वतःविषयीच्या बाबतीत मत मांडण्याचा हक्क देते. संयुक्त राष्ट्रांच्याच २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराने त्यात मोलाची भर घातली. त्याच्या कलम ७ नुसार दिव्यांग मुलाला मत मांडता यावे यासाठी त्याच्या वयाला आणि अपंगत्वाला साजेशी मदत मिळणे हाही हक्कच आहे. आणि कलम १६ असे सांगते की दिव्यांग व्यक्तींसाठी चालणाऱ्या सर्व सुविधांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख असली पाहिजे. त्यामुळे बाहेरून तपासणीला कोणी आले तर तो आपल्यावर दाखवलेला अविश्वास आहे असे मानण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक मुलाचे ‘हो’ आणि ‘नको’ शिकून घ्या

पहिल्या आठवड्यात तुमच्यावर सोपवलेल्या प्रत्येक मुलाविषयी एक छोटे टिपण तयार करा. हे मूल आनंद कसा दाखवते, दुखले तर काय करते, भीती वाटली तर काय करते, आणि नको असेल तेव्हा ते कसे सांगते, एवढे त्यात असले तरी पुरे. बोलणाऱ्या मुलाचा नकार शब्दांत येतो. न बोलणाऱ्या मुलाचा नकार मूठ आवळण्यात, नजर वळवण्यात, अंग ताठ करण्यात, किंवा अचानक अगदी गप्प आणि सैल पडण्यातही असू शकतो. या शेवटच्या प्रकाराला पुष्कळदा ‘आज शहाण्यासारखं वागतोय’ असे म्हटले जाते, आणि म्हणून तो सर्वांत सहज निसटतो. ही माहिती पालकांकडून, जुन्या मदतनिसांकडून आणि भावंडांकडून मिळते. भावंडांना तर अनेकदा आईवडिलांहून बारीक खुणा ठाऊक असतात.

यानंतर मुलाचा संवादपट (ज्यावरची चित्रे दाखवून मूल ‘बोलते’ तो फलक) किंवा टॅबलेटवरील संवादाचे अ‍ॅप उघडून बघा. एका मुलाच्या संवादपटावर मी एकदा बसून चित्रे मोजली होती. साठ चित्रे होती: खाण्याचे पदार्थ, चेंडू, झोका, टीव्ही, शौचालय, रंग, घरातली माणसे. ‘थांब’ नव्हते. ‘नको’ नव्हते. ‘दुखतंय’, ‘भीती वाटते’, ‘मला एकट्याला सांगायचंय’ यांपैकी काहीही नव्हते, आणि शरीराच्या अवयवांत हात, पाय आणि डोके याखेरीज काही नव्हते. त्या मुलाला काय हवे हे विचारण्याची सोय आम्ही केली होती, पण त्याच्याशी काय झाले हे सांगण्याची सोय कोणीच केली नव्हती. जे शब्द मुलाच्या साधनात नाहीत ते मूल वापरू शकत नाही, इतके हे सरळ आहे. गुप्तांगांची खरी नावे, सार्वजनिक आणि खासगी जागा, चांगले गुपित आणि वाईट गुपित, या सर्वांसाठी चित्रे किंवा खुणा हव्यात, आणि त्या शिकवण्याची जबाबदारी वाचाउपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून ठरवावी. दृष्टिहीन मुलाला हेच स्पर्शाने समजेल अशा बाहुलीच्या मदतीने, तर कर्णबधिर मुलाला त्याच्या सांकेतिक भाषेत शिकवावे लागते. ‘अशा गोष्टी शिकवल्या तर मुले बिघडतात’ असा आक्षेप काही घरांतून येतो. तो धीराने ऐकून घ्यावा, आणि शरीराची माहिती नसलेले मूल डॉक्टरांना साधे दुखणेदेखील सांगू शकत नाही, इथून बोलणे सुरू करावे.

तिसरी पायरी: शौचालय, अंघोळ आणि कपडे बदलणे

नवीन माणसाला सर्वाधिक अवघड जाणारे आणि सर्वांत कमी शिकवले जाणारे काम हेच आहे. ते टाळता येत नाही, मूल पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असते, दार लोटलेले असते, आणि योग्य स्पर्श व अयोग्य स्पर्श यांतली रेघ कुठे आहे हे मुलाला स्वतःहून कळणे कठीण असते. म्हणून हे काम कोणाच्या मर्जीवर किंवा सवयीवर सोडू नये. प्रत्येक मुलासाठी खासगी स्वच्छतेची लेखी योजना असावी. कोणत्या गोष्टी मूल स्वतः करते, कोणत्या गोष्टींत मदत लागते, मदत कोणी करावी हे मुलाने सांगितले आहे का, कोणते शब्द वापरायचे, हातमोजे आणि साहित्य कुठे आहे, आणि काही वेगळे दिसले तर कोणाला कळवायचे, हे सर्व तिच्यात असावे. मूल वाढते, शिकते, वयात येते. त्यामुळे ही योजना दर काही महिन्यांनी बदलली पाहिजे. सहाव्या वर्षी जी पद्धत ठीक होती ती बाराव्या वर्षी अपमानकारक ठरू शकते.

प्रत्यक्ष काम करताना आधी मुलाच्या समोर यावे, त्याला आपण कोण ते कळू द्यावे आणि आता काय करणार आहोत ते सांगावे. ‘मी आता तुझी पँट काढणार आहे, तयार आहेस का?’ एवढे विचारून थांबावे. थांबणे हा यातला खरा भाग आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी होणे) असलेल्या मुलाला उत्तर द्यायला अनेकदा कित्येक सेकंद लागतात, आणि आपण तोपर्यंत काम उरकलेले असते. मनात सावकाश दहा आकडे मोजावेत. मुलाचा हात किंवा डोळे होकार देतील तेव्हा पुढे जावे. नकार आला आणि कपडे तर बदलायलाच हवेत, अशी वेळ रोज येते. अशा वेळी मुलाला खऱ्या पर्यायांतून निवडू द्यावे: आत्ता की पाच मिनिटांनी, ताई की दादा, आडवे होऊन की उभे राहून. जो भाग मूल स्वतः पुसू शकते तो भाग त्यालाच पुसू द्यावा, मग त्याला तिप्पट वेळ लागला तरी चालेल. घाईच्या दिवशी हे जमत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच वेळापत्रक आखताना या कामासाठी पुरेसा वेळ मोजून ठेवणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.

दरवेळी दोन मोठी माणसे हजर असावीत असा नियम काही ठिकाणी असतो. हेतू चांगला असला तरी मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे उघडे शरीर एकाऐवजी दोघे बघतात, आणि पुरेशी माणसे नसतील तर नियम कागदावरच राहतो. उचलण्यासाठी दोघांची गरज असेल तर दोघांनी असावे. एरवी एका ओळखीच्या माणसाने मदत करावी, दार लोटलेले असावे पण त्याला कडी नसावी, जवळच दुसरे कोणीतरी असावे, आणि कोण कोणाला किती वाजता घेऊन गेले याची नोंद त्याच वेळी व्हावी. नवीन माणसाने आणि स्वयंसेवकाने, मूल त्याला ओळखू लागेपर्यंत आणि प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत, हे काम एकट्याने करूच नये. कोणी तुम्हाला पहिल्याच दिवशी ‘जरा याला बाथरूमला घेऊन जा’ असे सांगितले, तर नम्रपणे नकार देणे योग्य ठरेल.

चौथी पायरी: जागा आणि वेळा न्याहाळा

इमारतीत एकदा मुलाच्या उंचीवरून, म्हणजे व्हीलचेअरच्या पातळीवरून फिरा. कोणत्या खोलीच्या दाराला काच नाही, कोणता कोपरा कोणालाच दिसत नाही, कोणत्या वेळी एकच मोठा माणूस असतो, हे पाहा. उपचाराची खोली शांत असावी लागते, पण तिला बाहेरून दिसेल अशी काच लावता येते, आणि पालकांना कधीही, न सांगता येऊन उपचार पाहण्याची मुभा देता येते.

प्रवासाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गाडीतून सर्वांत शेवटी उतरणारे मूल रोज पंधरा-वीस मिनिटे एकट्या चालकासोबत असते, आणि बहुतेक वेळा ते मूल दूर राहणारे म्हणून वर्षभर तेच असते. गाडीत सोबत मदतनीस हवा आणि तो शेवटचे मूल उतरेपर्यंत हवा. गाडी लावल्यावर एका माणसाने मागच्या शेवटच्या आसनापर्यंत चालत जाऊन प्रत्येक आसन हाताने तपासावे आणि मगच कुलूप लावावे. झोपलेले किंवा हाक मारू न शकणारे मूल केवळ मागे वळून पाहिल्याने दिसत नाही.

मुक्कामी सेवा असेल तर रात्रपाळीची वेगळी योजना लागते, त्यात एकाच माणसावर संपूर्ण मजला नसावा. घरी जाऊन सेवा देताना घरात दुसरी मोठी व्यक्ती असावी. ऑनलाइन सत्रात पालक ऐकू येईल इतक्या अंतरावर असावेत, आणि मुलाशी कर्मचाऱ्याच्या खासगी फोनवरून संदेश चालू नयेत. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढू नयेत. निधी उभारण्यासाठी फोटो लागतो, तेव्हा पालकांच्या सहीबरोबर मुलालाही विचारावे, आणि अंघोळीचा, उपचाराचा, रडण्याचा किंवा अर्धवट कपड्यातला फोटो कितीही ‘मनाला भिडणारा’ असला तरी वापरू नये.

पाचवी पायरी: जे शिस्त म्हणून चालते ते तपासा

मारहाण आणि लैंगिक अत्याचार चुकीचे आहेत हे कोणाला सांगावे लागत नाही. शिस्तीच्या किंवा सोयीच्या नावाखाली जे चालते ते मात्र नव्या माणसाला दिसते, खटकते, आणि दोन महिन्यांत खटकेनासे होते. म्हणून ते सुरुवातीलाच नावानिशी ओळखून ठेवावे. विद्युत व्हीलचेअरचे बटण बंद करणे म्हणजे चालणाऱ्या मुलाचे पाय बांधण्यासारखेच आहे. शिक्षा म्हणून श्रवणयंत्र किंवा संवादपट काढून घेणे म्हणजे मुलाचे कान आणि तोंड बंद करणे आहे. भरवायला वेळ नाही म्हणून पातळ करून घाईघाईने पाजणे, ओला डायपर ‘पुढच्या पाळीला बदलतील’ म्हणून तसाच ठेवणे, मूल शांत राहावे म्हणून डॉक्टरांनी न सांगितलेले औषध देणे किंवा सांगितलेले जास्त देणे, चिडलेल्या मुलाला खोलीत कोंडणे, हे सर्व छळ किंवा दुर्लक्ष या सदरात मोडते. मुलाला पालथे दाबून धरणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्या स्थितीत छातीवर भार येऊन श्वास कोंडतो.

मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर त्याला क्षणभर अडवावे लागू शकते. अशा वेळी कमीत कमी जोर, कमीत कमी वेळ, प्रशिक्षण घेतलेला माणूस, आणि त्याच दिवशी लेखी नोंद व पालकांना कळवणे, हे चारही हवेत. त्या नोंदीत मूल चिडण्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडले हे अवश्य लिहावे. एकाच मुलाला वारंवार धरावे लागत असेल तर चूक बहुधा त्या मुलाच्या दिनक्रमात, आसपासच्या गोंगाटात, दुखण्यात किंवा संवादाच्या अभावात असते.

मुले एकमेकांनाही इजा करतात, कधी लैंगिक स्वरूपाचीदेखील. ‘त्यांना काय कळतंय’ म्हणून ती बाब सोडून देऊ नये आणि इजा करणाऱ्या मुलाला राक्षसही ठरवू नये. दोन्ही मुलांना संरक्षण आणि मदत लागते, आणि ती बाबही इतर कोणत्याही काळजीप्रमाणेच कळवायची असते.

सहावी पायरी: बदल दिसला तर अपंगत्वाच्या खात्यावर टाकू नका

झोप उडणे, खाणे सोडणे, पुन्हा अंथरूण ओले होणे, एखाद्या माणसाला किंवा जागेला पाहून किंचाळणे, वयाला न शोभणारे लैंगिक वागणे, स्वतःला चावणे, एकाएकी चिकटून बसणे किंवा दूर पळणे: इतर मुलात यांपैकी काही दिसले तर मोठी माणसे विचारात पडतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलात हेच दिसले तर ‘त्याचं तसंच असतं’ म्हणून विषय संपतो. आमच्या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, असे मी समजते.

न बोलणारी, साधारण नऊ वर्षांची एक मुलगी दुपारी स्वतःच्या दोन्ही हातांवर बसून राहायची. तिला स्वमग्नता होती, आणि आम्ही सर्वांनी, मी धरून, त्याला संवेदनांशी निगडित सवय म्हणून टाकले होते. नव्याने आलेल्या एका मदतनीस मुलीला ते पटले नाही. तिने तीन आठवडे एका साध्या वहीत फक्त तीन रकाने भरले: किती वाजता, कुठे, आणि आसपास कोण. वही समोर ठेवली तेव्हा दिसले की हे रोज घडत नव्हते. ठरावीक दिवशी, शौचालयाला न्यायच्या वेळेच्या थोडे आधी, आणि ठरावीक व्यक्ती कामावर असतानाच घडत होते. ती व्यक्ती वेळ वाचवण्यासाठी मुलीला दंडाला धरून ओढत नेत होती. हातांवर बसणे हाच त्या मुलीचा नकार होता, आणि तो आम्ही कित्येक महिने पाहत होतो. त्या नव्या मदतनीस मुलीकडे पदवी नव्हती, अनुभव नव्हता. तिने फक्त पाहिले ते लिहून ठेवले.

तुम्हीही तेच तीन रकाने ठेवा. अंगावरच्या खुणांच्या बाबतीत मात्र तीन आठवडे थांबायचे नसते. जे मूल स्वतः हालचाल करू शकत नाही त्याच्या अंगावर काळानिळा वण दिसला तर ‘पडला असेल’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण ते मूल पडण्याइतके हलतच नाही. कॅलिपरच्या पट्ट्याचा वळ, व्हीलचेअरमध्ये बराच वेळ बसल्याने आलेली लाली आणि बोटांच्या ठशांसारखे डाग यांतला फरक भौतिकोपचारतज्ज्ञाकडून (फिजिओथेरपिस्टकडून) शिकून घ्यावा. शरीराच्या रेखाचित्रावर वणाची जागा, आकार आणि रंग नोंदवून त्याच दिवशी कळवावे. दाबाने झालेल्या जखमा, सतत घटणारे वजन, तुटलेले आणि दुरुस्त न केलेले साधन ही दुर्लक्षाची चिन्हे असू शकतात. ती कधी थकून गेलेल्या घराची, तर कधी आपल्याच संस्थेची असतात.

सातवी पायरी: मुलाने सांगितले, तर

मूल ठरवून समोर बसून सगळे सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये. बूट घालताना एक वाक्य, संवादपटावर लागोपाठ दाबलेली दोन चित्रे, बाहुलीसोबतचा एक खेळ, एवढेच येते, आणि ते बहुधा तुम्ही घाईत असताना येते. हातातले काम थांबवा. चेहरा शांत ठेवा, कारण मूल तुमच्या चेहऱ्यावरून ठरवते की पुढे सांगावे की नाही. ‘तू मला सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही,’ हे त्याला समजेल अशा पद्धतीने सांगा. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. ‘तुला मदत करू शकेल अशा माणसाला मी सांगणार आहे’ असे म्हणा.

प्रश्न विचारून खोलात जाण्याचा मोह होतो, तो आवरावा. ‘काय झालं ते सांगतोस का?’ एवढा मोकळा प्रश्न पुरेसा आहे. ‘अमक्यानं तुला इथे हात लावला का?’ हा प्रश्न उत्तर मुलाच्या तोंडी घालतो आणि पुढच्या तपासाला धक्का पोहोचवतो. बौद्धिक अक्षमता असलेली अनेक मुले मोठ्यांना खूश करण्यासाठी प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात, हे ध्यानात ठेवावे. चित्रांतून पर्याय द्यावेच लागले तर त्यांत ‘यातलं काहीच नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही चित्रे असावीत. सविस्तर मुलाखत घेणे हे प्रशिक्षित तपासनिसांचे काम आहे. त्या वेळी मुलाला त्याचे संवादाचे साधन मिळावे आणि दुभाषा स्वतंत्र असावा, यासाठी मात्र तुम्ही आग्रह धरावा. घरातली व्यक्ती किंवा ज्याच्याविषयी तक्रार आहे अशा माणसाचा सहकारी दुभाषा म्हणून चालत नाही.

मूल गेल्यावर ताबडतोब लिहा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या बोलीत, चुकांसकट. खुणा केल्या असतील तर कोणत्या. तुम्ही काय विचारले तेही. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर वेगळा आणि अंदाज म्हणूनच लिहा. तारीख, वेळ, सही. नुकताच लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल तर मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत आणि विलंब न लावता वैद्यकीय मदत मिळवावी. ज्याच्याविषयी सांगितले त्याला जाब विचारायला जाऊ नये. त्याने पुरावा नष्ट होतो आणि मुलावर दबाव येतो.

आठवी पायरी: कळवा, सहकाऱ्याविषयी असले तरी

त्याच दिवशी बालसंरक्षणासाठी नेमलेल्या व्यक्तीला लेखी कळवा आणि कळवल्याची प्रत स्वतःकडे सुरक्षित ठेवा. मूल तत्काळ धोक्यात असेल तर आधी पोलिसांना किंवा मदतवाहिनीला फोन करा, संस्थेला नंतर सांगितले तरी चालते. ‘आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू, खात्री झाली की बाहेर कळवू,’ हे वाक्य समंजसपणाचे वाटते आणि ते अतिशय घातक आहे. खात्री करणे हे तुमचे काम नाही आणि संस्थेचेही नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात शाही चौकशी आयोगाने संस्थांमधील बाल लैंगिक शोषणाचा तपास केला, तेव्हा मुलांपेक्षा स्वतःचे नाव जपणाऱ्या संस्थांची उदाहरणे वारंवार समोर आली. सुरक्षित संस्थेसाठी आयोगाने जी १० मानके सुचवली त्यांतले पहिलेच मानक नेतृत्वाविषयीचे आहे.

सहकाऱ्याविषयी कळवणे मनाला जड जाते. मुलांचे शोषण करणारा माणूस अनेकदा सर्वांत मदतशील असतो: जादा पाळ्या घेणारा, पालकांचे आभार मिळवणारा, ‘हे मूल फक्त माझंच ऐकतं’ असे सांगणारा. प्रत्येक प्रेमळ माणसावर संशय घ्यावा असे मी म्हणत नाही. माणूस कितीही चांगला वाटला तरी नियमातून सूट कोणालाच मिळू नये, एवढेच म्हणते आहे. संस्थेने बारीकसारीक खटकलेल्या गोष्टींसाठीही नोंदवही ठेवावी. एकट्या मुलाला आणलेली भेटवस्तू, उगाच बंद केलेले दार, कामाची पाळी नसताना येणे, या सुट्या नोंदी एकेकट्या काहीच सांगत नाहीत. एकत्र ठेवल्यावर बोलू लागतात. कळवणाऱ्याच्या नोकरीवर गदा येणार नाही अशी लेखी हमी संस्थेने द्यावी, आणि शंका निराधार ठरली तरी चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला दोष देऊ नये.

संस्था चालवणाऱ्यांसाठी

नेमणूक करताना पोलीस पडताळणी हवीच, पण तिच्यात फक्त आधी पकडले गेलेलेच सापडतात. मागच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करून ‘या व्यक्तीला पुन्हा मुलांसोबत काम द्याल का?’ असे विचारावे, नोकरीतल्या रिकाम्या काळाबद्दल स्पष्टीकरण घ्यावे, आणि मुलाखतीत प्रत्यक्ष प्रसंग द्यावा: ‘मूल कपडे बदलायला नकार देतंय आणि गाडी दारात उभी आहे, तुम्ही काय कराल?’ उत्तरातून माणूस कळतो. चालक, स्वच्छता कर्मचारी, स्वयंसेवक, विश्वस्त, कोणीही या प्रक्रियेतून सुटू नये.

पालकांकडे विशेष लक्ष द्यावे. दुसरी संस्था नाही, प्रतीक्षा यादी मोठी आहे, तक्रार केली तर मुलाची जागा जाईल, या भीतीने अनेक आया काही दिसले तरी गप्प बसतात. प्रवेशाच्या दिवशीच त्यांना सोप्या भाषेत लिहून द्यावे की तक्रारीमुळे सेवा बंद होणार नाही, आणि संस्थेबाहेर कोणाकडे जाता येते तेही त्याच कागदावर असावे. वाचता न येणाऱ्या पालकाला तो कागद वाचून दाखवावा.

पहिला महिना संपताना

बालसंरक्षण पाहणाऱ्या व्यक्तीसोबत अर्ध्या तासाची भेट मागून घ्या आणि तीन गोष्टी सोबत न्या: प्रत्येक मुलाच्या होकार-नकाराचे टिपण, तीन रकान्यांची वही, आणि या महिन्यात जे खटकले पण कोणाला सांगितले नाही अशा गोष्टींची यादी. महिनाभरापूर्वी खटकलेली एखादी गोष्ट आता खटकत नसेल तर ती यादीत सर्वांत वर लिहा. भेटीत काय ठरले, कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहून दोघांनी सही करावी, आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवून उठावे.